झाडावरची भावकी

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नवी डायरी. बियाणे कंपनीची आहे, मेव्हण्यानं दिली. प्रत्येक पानाखाली कपाशीबद्दल एक सूचना छापलेली आहे. तिकडं दुर्लक्ष करणे.

महत्त्वाची बातमी. आमच्या डोळस विचार मंडळाचे अध्यक्ष मुलाकडे नाशिकला कायमचे चालले. एप्रिलअखेर नवा अध्यक्ष निवडायचा. चौदा वर्षं मी सचिव आहे. अजेंडा मी काढतो, मिनिट्स मी लिहितो, खुर्च्या मी मोजतो. दुसरं नाव येतच नाही. फारूखभाईंचं येऊ शकतं, पण ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, स्वभावानं गोड, सगळ्यांशी जमवून घेणारे. अध्यक्षानं गोड असून चालत नाही. वाळूजच्या कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला मी तीस वर्षं काढली. एक माणूस माझ्याशी कधी गोड बोलला नाही. म्हणजे काम चोख होतं.

तरी निवडणुकीआधी काहीतरी भरीव करून दाखवावं. विषय ठरला: उत्क्रांती. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून तो धडा गाळला तेव्हा मंडळानं निषेधाचा कडक ठराव केला होता. (तो अजून पोस्टात टाकायचा आहे.) आता मी स्वतः वानरांचा अभ्यास करणार. सासुरवाडी दौलताबादच्या पायथ्याशी, मेव्हणा कडुबा याच्या पेरूच्या बागेत वानरांची एक पूर्ण टोळी येते. अभ्यास झाला की जाहीर वादविवाद. तो जिंकलो की अध्यक्षपद.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

७ जानेवारी. सकाळी ९.४०
उठलो. थंडी फार होती. वानरंही थंडीत उशिराच हालचाल करतात असं वाटतं. एकदा तपासून बघावं.

१२ जानेवारी, रविवार. रात्री
फील्डवर्क सुरू. कंपनीचा जुना निळा बॉयलर सूट घातला, म्हणजे झाडीत मिसळून जाता येईल. कडुबानं विचारलं, दाजी, कंपनीनं परत बोलावलं का काय? त्याला संशोधन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, बघा बघा, पण बघता बघता हाकलतबी जा, लई पेरू खातेत.

टोळी वीस-बावीसची. सगळ्यांना नावं दिली. जो सर्वात उंच फांदीवर बसतो, ज्याला बघून बाकीचे सरकतात, तो प्लांट हेड. त्याच्याभोवती दोन शिफ्ट इन्चार्ज. खाली पोरंटोरं उड्या मारतात ते ट्रेनी. आणि सगळ्यांपासून लांब, विहिरीच्या कठड्यावर, एक म्हातारा वानर एकटाच बसून असतो. त्याला कोणी जवळ घेत नाही, तोही कोणाकडं जात नाही. त्याचं नाव व्हीआरएस.

(मी स्वतः व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली नव्हती. कंपनीनं विनंती केली होती. फरक आहे.)

१९ जानेवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. प्लांट हेडनं माझ्या हातून अन्न स्वीकारलं. सौ.नं दिलेली थालीपीठं होती. स्वीकारताना थोडी झटापट झाली आणि डबा झाडावर राहिला, पण टोळीनं मला आपल्यात घेतलं याबद्दल आता शंका नाही. माझा चष्माही तपासणीसाठी नेला होता. एका काडीसकट परत मिळाला.

सौ. वच्छला म्हणाली, डब्बा माहेरचा होता.

व्हीआरएस दिवसभर माझ्यापासून पाच-सहा हातांवर बसून होता. शेंगदाण्यांसाठी असणार. त्याला दोनदा हुसकावलं. अशानं निरीक्षणात व्यत्यय येतो.

२ फेब्रुवारी, रविवार
मंडळाची मासिक बैठक. अभ्यासाचा प्रत्यक्ष उपयोग करून पाहिला. टोळीत वरचा दर्जा मिळवायचे दोन मार्ग: एक, दुसऱ्याच्या अंगावरच्या उवा काढून त्याला आपलंसं करणे, दोन, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे.

मार्ग एक. खजिनदारांच्या कॉलरवरचा दोरा काढला. मग खांद्यावरचा केस काढला. तिसऱ्या वेळी ते उठून दुसऱ्या खुर्चीवर बसले. संकोची माणूस.

मार्ग दोन. फारूखभाईंच्या डोळ्यांत संपूर्ण अहवालभर न हलता पाहिलं. शेवटी त्यांनी नजर खाली केली. जिंकलो. बैठकीनंतर ते जवळ येऊन म्हणाले, अप्पाराव, आँख कू कुछ तकलीफ है क्या? आपल्या उस्मानपुऱ्यात एक चांगला डॉक्टर आहे, मी नंबर पाठवतो. घरी पोचलो तर नंबर आलेला होता. वर ड्रॉपचं नावपण. हरलेला माणूस असाच सारवासारव करतो.

चहाच्या वेळी देशपांड्यांच्या नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. मंडळाच्या नियम सातप्रमाणं सभासदानं कोणतंही कर्मकांड करायचं नाही. नियम मीच लिहिलेला आहे. नोटीस काढली. आतापर्यंतची पाचवी.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आज मंडळातर्फे उत्क्रांती दिन. माझं व्याख्यान: 'वानरांमधील व्यवस्थापन'. हजेरी समाधानकारक. सहा जण होते, त्यात हॉलचा वॉचमन.

व्याख्यानाच्या जोशात खुलं आव्हान दिलं: माणूस देवानं एकदम घडवला असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्यासमोर यावं. व्हिडिओ सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. रात्री तिथल्या सांडू महाराजांनी आव्हान स्वीकारलं. हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, मंदिरापुढच्या मांडवात. सांडू महाराज कीर्तनकार आहेत, पंचक्रोशीत नाव आहे. त्यांनी लांबलचक काही लिहिलं नाही, नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. घाबरले असावेत.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.३०, बागेतून
घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं. प्लांट हेडच्या पोटाला आज एक काळंसं पिल्लू लटकलेलं आहे. इतका मोठा नेता, पण पिल्लू स्वतः सांभाळतो. छातीशी धरतो. पिल्लू त्याच्या छातीला तोंड लावतं. नर पिल्लाला पाजतो, हा शोध जगात पहिलाच असावा. परदेशात कोणाला कळवायचं ते बघावं. निदान विद्यापीठात तरी.

२३ फेब्रुवारी. रात्री
जेवताना सौ.ला शोध सांगितला. ती भाकरी थापता थापता थांबली. मग म्हणाली, अहो, ती बाई आहे. बाळंतीण आहे. मी म्हणालो, शास्त्रीय पुरावा काय? ती म्हणाली, मी दोन लेकरं पाजली, अजून कोणता पुरावा पाहिजे.

मग कडुबाला फोन. फोनवर हसू ऐकू आलं. तोही सांगत होता की दाजी, तो एकटा बसणारा म्हतारा सोडला तर त्या टोळीत नर एकच हाय, तो तिकडं चिंचेवर बसतो, तुम्ही त्याला ट्रेनी म्हणता.

नोंद: प्लांट हेड या पदाला लिंग नसतं. बाकी निरीक्षण अचूक. विद्यापीठाला कळवणं तूर्त स्थगित.

९ मार्च
ऊन फार. फील्डवर्क आठवड्यातून एकदाच. त्यातही आज टायर पंक्चर झाला. झाला नसता तरी हवा कमीच होती.

वादविवादाचे मुद्दे काढले. चाळीस झाले. हाडं, दात, अंगठा, बाळाची मूठ, शेपटीच्या हाडाचा उरलेला तुकडा. सौ. म्हणाली की गावात रात्री नऊनंतर माणसं पेंगतात, चार मुद्दे ठेवा. चाळीसमधला कोणता सोडू? प्रत्येक तपासून पास केलेला आहे.

३० मार्च
पाडवा. सासुरवाडीत जेवण. दुपारी बागेत गेलो, मुद्दे मोठ्यानं म्हणून पाहिले. टोळी उड्या मारत निघून गेली. व्हीआरएस तेवढा बसून राहिला. मुद्दा एकोणतीसपर्यंत ऐकलं त्यानं. आज त्याला हुसकावलं नाही. शेंगदाणे दिले. एकेक सोलून खातो, घाई नाही. कंपनीत माझ्या टेबलावर शेवटच्या महिन्यात काम येत नव्हतं, तेव्हा मीही डबा असाच हळूहळू खायचो. वेळ जायला पाहिजे ना.

हे का लिहिलं कळत नाही. विषयांतर टाळणे.

११ एप्रिल, शुक्रवार. रात्री ११.४५
विजय. पूर्ण विजय. सविस्तर लिहितो, मंडळाच्या इतिहासात उपयोगी पडेल.

मांडव भरलेला. समोर बायका, मागं पुरुष, कडेला ट्रॅक्टरवर पोरं. सासूबाई आवडाबाई पहिल्या ओळीत. मंडळातून फारूखभाई एकटेच आले, तेही माझी बाजू सावरायला आले असं म्हणाले. (दुसरा हेतू असू शकतो.)

आधी महाराज उठले. म्हणाले, चौऱ्याऐंशी लक्ष योनी देवानं एकेक करून आपल्या हातानं घडवल्या. वानर वानर म्हणून घडवला, माणूस माणूस म्हणून. कुंभार रांजण घडवतो, पणती घडवतो. पणतीचा रांजण होतो का? मांडवात माना हलल्या. मला आतून आनंद झाला. एवढंच असेल तर मुद्दा चारमध्येच काम आटोपणार.

मी उठलो. माईक थोडा कुंईकुंई करत होता. हाडं सांगितली, अंगठा सांगितला. म्हणालो, पणतीला पोरं होत नाहीत, वानराला होतात, आणि पोर बापासारखं असतं पण हुबेहूब बाप नसतं. तो थोडा फरक कोट्यवधी वर्षं साठत गेला की काय होईल? मुद्दा नऊच्या आसपास पहिल्या ओळीत दोन-तीन जणी पेंगायला लागल्या. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, साहेब, वानराचा माणूस झाला म्हनता, तर मंग आत्ताच्या वानरांचा माणूस का व्हत नाय?

हा प्रश्न येणारच होता, पण उत्तर कागदावरचं दिलं नाही. आतून आलं. मी म्हणालो, बाबा, तुमचा चुलता कधी तुमचा बाप होतो का? नाही होत. वानर आपला बाप नाही. वानर आपला चुलत भाऊ. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी आपला आणि त्याचा खापरपणजा एक होता. त्याची वाट वेगळी, आपली वेगळी, पण रक्त एक. ही झाडावर बसलेली आपली भावकी आहे.

टाळ्या पडल्या. पेंगणाऱ्या जाग्या झाल्या. आवडाबाईंनी पदर डोळ्याला लावला. महाराज उठून माईकवर म्हणाले, साहेबांचं मला पटलं. मी हरलो. आजपासून वानर आपली भावकी. त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला.

एवढ्या लवकर हरेल असं वाटलं नव्हतं. चाळीसपैकी नऊ मुद्द्यांतच. फारूखभाई गाडीत म्हणाले, अप्पाराव, चुलत्याचं उत्तर एक नंबर होतं, शाळेत असतो तर पोरांना तेच सांगितलं असतं. मग म्हणाले, लेकिन वो महाराज इतना जल्दी कैसे मान गया रे? मत्सर. समजू शकतो.

१२ एप्रिल, शनिवार
अध्यक्ष झाल्यावर पहिलं भाषण काय करायचं याचा कच्चा आराखडा. नम्र सुरुवात.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी कडुबाचा फोन. दाजी, तुमचा तो म्हतारा गेला. डीपीवर चिकटला. या लवकर.

गाडी काढली. साजापूरपर्यंत कळलंच नाही कसा गेलो.

विहिरीजवळच्या विजेच्या डीपीवर चढला होता म्हणे. खाली ठेवलेला होता, पाठीवर भाजल्याचा डाग. तोंड नेहमीसारखंच, कोणाशी देणंघेणं नसल्यासारखं. टोळी चिंचेवर गप्प बसलेली. तोच नर, तीच बाळंतीण, सगळे. ज्याला कोणी जवळ घेत नव्हतं त्याच्यासाठी सगळे थांबले होते, याचं मला वाईट वाटलं. आधी का नाही बसले जवळ?

या भागात वानर गेलं की माणसासारखं सगळं करतात, हे ऐकून होतो. ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन आणली, हार घातले, टाळ-मृदंग आला. मी निरीक्षणासाठी मागं उभा होतो. मंदिरामागं खड्डा केलेला. महाराज म्हणाले, मूठमाती आधी भावकीनं द्यायची असती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. महाराज शांतपणे म्हणाले, साहेब, पुढं व्हा. भर मांडवात नातं तुम्हीच सांगितलं.

पुढं झालो. याला संशोधनाच्या भाषेत सहभागी निरीक्षण म्हणतात. माती दिली. नंतर डोळ्यांत माती गेल्यामुळं बराच वेळ विहिरीवर थांबावं लागलं. कडुबानं पाणी दिलं.

१६ एप्रिल
कडुबाचा फोन: दाजी, दहा दिवस गोडधोड नको, दाढी नको. गावानं सुतक धरलंय. भावकी म्हणून तुमचं घर पहिलं.

मी हसून फोन ठेवला. संध्याकाळी सौ.नं आमरस फ्रीजमधून काढला आणि शेजारी देऊन टाकला.

१९ एप्रिल
प्रकरण वाढतंय. दहाव्याला भावकीतले पुरुष डोकं करतात. म्हणजे मुंडण. आणि मिशा.

स्पष्ट नकार द्यायचं ठरवलं. महाराजांना फोन केला. अभ्यास करून ठेवला होता: सुतक सात पिढ्यांपर्यंतच लागतं. हा वानर आणि मी यांच्यात पिढ्या झाल्या लाखो. म्हणजे सुतक लागू होत नाही. महाराज म्हणाले, मांडवात तर तुम्ही रक्त एक म्हणाले. सौ. शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, सात पिढ्यांचं कुठं वाचलं? पोथीत? म्हणजे तुम्ही पोथी मानायला लागलात.

नंतर महाराज फार नम्रपणे म्हणाले, जबरदस्ती नाही साहेब. नका करू. मी गावाला सांगतो, साहेब बोलण्यात बोलून गेले, तसं काही नातंबितं नसतं, देवानं वानर वेगळं अन माणूस वेगळाच केलाय.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं. त्या रात्री हार गळ्यात पडला तेव्हाच पेच घातला होता. नकार दिला तर उत्क्रांती खोटी. मुंडण केलं तर नियम सात. आणि नियम सात मीच लिहिलेला.

२१ एप्रिल
फारूखभाईंना विचारावं असं वाटलं. नाही विचारलं. प्रतिस्पर्ध्याला कमजोरी दाखवायची नसते, वानरांतही नाही.

संध्याकाळी तेच घरी आले. ईदची शेवई उरली होती म्हणून डबा घेऊन. सौ.नं सुतक सांगितल्यावर डबा परत पिशवीत घातला, हसले नाहीत. निघताना म्हणाले, मेरे कू पूछे तो, जिसकू मट्टी दिया उसका पूरा करना. मंडळाचं मंडळ बघून घेईल.

डावपेच असू शकतो. पण चेहऱ्यावरून तसं वाटलं नाही.

२३ एप्रिल
अंतिम निर्णय: मुंडण करणार नाही. फार तर थोडे केस कापून घेईन, ते उन्हाळ्याचे म्हणून. मिशीला कोणी हात लावणार नाही. तेवीस वर्षांची मिशी आहे. सौ. म्हणाली, तुमची मर्जी. पण माझ्या माहेरात मला तोंड दाखवायचं असतं. आणि मग, ताटं उचलता उचलता, म्हणाली की तो तुमच्याजवळ येऊन बसायचा ना?

२४ एप्रिल, गुरुवार
केलं.

विहिरीच्या कठड्याजवळच बसवलं होतं. माझ्याआधी गावातल्या पंधरा-वीस जणांची डोकी झालेली. न्हावी म्हणाला, साहेब, मिशी राहू द्यायची का? मी म्हणालो, करायचं तर पूर्ण कर. क्वालिटीत अर्धं काम चालत नाही. डोकं हलकं लागतंय. वारा थेट लागतो.

हे मी उत्क्रांतीच्या बाजूनं केलं, याची इथं स्पष्ट नोंद करून ठेवतो. जगात उत्क्रांतीसाठी मुंडण करणारा मी पहिलाच असावा. मंडळाला हा मुद्दा नीट मांडला तर उलट फायदाच होईल.

२५ एप्रिल. सकाळी
पेपरमध्ये फोटो. 'वानराच्या दहाव्याला विवेकवादी सचिवाचे मुंडण'. शेजारी महाराज हसताहेत. मी डोळे मिटलेला. मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो देशपांड्यांनी टाकला. खाली काही लिहिलं नाही, फक्त लिंबाचं एक चित्र.

संध्याकाळी
ग्रुपवर खुलासा टाकला. चाळीस मुद्द्यांपैकी संबंधित अकरा घेतले. दोन निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या. उत्तर कोणाचं नाही. वाचताहेत, म्हणजे विचार करताहेत.

२७ एप्रिल, रविवार. रात्री १०
दुपारी तेरावं, संध्याकाळी निवडणूक. दोन्ही एकाच दिवशी आली.

तेराव्याला गाव जेवलं. पंगतीत मला पहिल्या पाटावर बसवलं. मग उठून मीच बुंदी वाढायला घेतली. कडुबा म्हणाला, दाजी, तुम्ही बसा. पण बसवेना. टोळी चिंचेवर होती, पोरांनी त्यांनाही एक पत्रावळ ठेवली. विहिरीच्या कठड्यावर कोणी नव्हतं. महाराज माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, साहेब, मी थट्टेनं सुरू केलं होतं, तुम्ही मनानं केलं. माझी चूक झाली. मी म्हणालो, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार.

तिथून थेट बजाजनगर. बुंदीचा हात धुऊन, कंपनीची टोपी घालून मंडळात पोचलो. अकराच्या अकरा हजर. इतकी हजेरी माझ्या चौदा वर्षांत कधी पाहिली नाही. टोपी काढायची का नाही ठरत नव्हतं, मग काढली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी बोलायला उभा राहिलो. सगळं तयार होतं: सुसंगती, सहभागी निरीक्षण, नियम सातचा व्यापक अर्थ. म्हणालो एवढंच, की एक म्हातारा वानर होता, तो गेला. पुढचं आठवेना. बसलो.

चिठ्ठ्या वाटल्या. निवड तर आपलीच होणार, मग मन मोठं असावं, म्हणून मी चिठ्ठीवर फारूखभाईंचं नाव लिहिलं. अध्यक्ष झाल्यावर कधीतरी सहज बोलता बोलता त्यांना सांगणार होतो.

खजिनदारांनी चिठ्ठ्या वाचल्या. फारूख. फारूख. फारूख. मध्ये एकदा अप्पाराव. मग पुन्हा फारूख, शेवटपर्यंत. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मिनिट्स मीच लिहिले.

खाली गाडी काढताना फारूखभाई मागून आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अप्पाराव, मैं तो तुमकोच दिया था यार.

घरी सौ.नं दार उघडलं, तोंडाकडं बघितलं. ताट वाढलं. भूक नव्हती, तरी जेवलो.

निष्कर्ष लिहायला बसलो होतो. एकही सुचत नाही. मला अध्यक्ष व्हायचं होतं.